कवच, लूट आणि नाम : अद्भुतरम्य भूमिका-खेळांतील वस्तुरचनेचा भाषिक विचार

अचलपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगेत गाविलगड उभा आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने तो बांधविला. पुढे अचलपूर ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी झाली, तेव्हा तिचा मुख्य आधार हाच किल्ला होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो सर केला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांची इंग्रजांशी चाललेली लढाई संपली. चिलखत, लूट आणि पडका किल्ला या तीन गोष्टी या मुलखाच्या इतिहासाचा भाग आहेत. आजच्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांची सामग्रीही मुख्यतः याच तीन गोष्टींची असते. खेळाडू पडक्या किल्ल्यात शिरतो, तेथील रक्षकांना मारतो, त्यांची चिलखते उतरवून घेतो आणि अधिक बळकट होऊन पुढल्या किल्ल्याकडे वळतो. या खेळांतील चित्रांविषयी व यंत्रकौशल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांतील वस्तूंना नावे कशी मिळतात आणि त्या नावांतून कोणता अर्थ व्यक्त होतो, हा प्रश्न मात्र भाषेच्या अभ्यासकाने हाती घ्यावयाचा आहे.

प्रथम कवचाचा विचार करू. हे खेळ देहाचे ठरावीक भाग पाडतात: मस्तक, छाती, हात, पाय, ढालीचा हात. प्रत्येक भागासाठी एक रिकामी जागा असते व तीत एकेक वस्तू बसते. ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेले रामरक्षास्तोत्र घरोघर म्हटले जाते, आणि ते ‘कवच’ या स्तोत्रप्रकारातच मोडते. त्यात मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे नाव घेतले जाते व प्रत्येकाच्या रक्षणासाठी रामाचे एकेक नाव योजले जाते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. अवयवांचा क्रम वरून खाली उतरत असताना नामांचा क्रम स्थूलमानाने रामचरित्रातून पुढे सरकतो. कुळाचे नाव येते, मग पित्याचे व मातेचे, मग विश्वामित्र, सीता, परशुराम, सुग्रीव, हनुमान, सेतू आणि शेवटी रावणवध. म्हणजे हे कवच एकाच वेळी देहाची विभागणी आहे आणि कथेचीही. प्रत्येक अवयवावर एका प्रसंगाची स्मृती बसविलेली आहे. कल्पित कवचाची रचना चांगली की वाईट हे ठरविण्यास याहून नेमकी कसोटी शोधण्याची गरज नाही. कवचाने देह झाकावा आणि कथाही सांगावी.

या कसोटीवर प्रचलित खेळ कसे उतरतात? या प्रकाराचे मूळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात आहे. त्यात सगळ्या चिलखताचे सार ‘आर्मर क्लास’ या एका अंकात आणले गेले. बैठ्या खेळात हिशेब तोंडी करावयाचा असल्याने ही काटकसर क्षम्य होती. पण तिचा एक परिणाम दूरगामी ठरला: चिलखताची घडण गौण झाली व अंक प्रधान झाला. घडणीकडे दुर्लक्ष झाले की चुकाही टिकून राहतात. ‘स्टडेड लेदर’, म्हणजे बाहेरून खिळे ठोकलेले चामडी चिलखत, हा प्रकार या खेळांत सर्वत्र आढळतो. शस्त्रेतिहासाच्या जाणकारांच्या मते तो गैरसमजातून आला असावा. युरोपातील ‘ब्रिगंडाइन’ चिलखतात बाहेर दिसणारे खिळे आतील लोखंडी पट्ट्या धरून ठेवीत. चित्रात खिळे दिसले, पट्ट्या दिसल्या नाहीत, आणि खिळेच रक्षण करतात असा समज झाला. साधनाच्या खुणेलाच साधन समजण्याचा हा दोष आहे, आणि तो फक्त खेळांत आढळतो असेही नाही.

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील तीन खेळ या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) डाव्या व उजव्या खांद्याचे कवच निराळे होते, दोन्ही हातांचे दस्तानेही निराळे होते. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) खांदे गेले व दस्तान्यांची जोडी झाली. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) छाती आणि मांड्या यांचेही एकच कवच झाले. निर्मात्यांची सोय यात असेल, आणि वस्तूंचा देखावा अधिक एकसंध झाला हेही खरे. पण जो भटका वीर एका हातात काचेचा दस्ताना, दुसऱ्यात हाडाचा आणि खांद्यावर कोणा मृताचे गंजके लोखंड अशा विजोड वेषात हिंडत होता, त्याच्या अंगावर त्याच्या भटकंतीचा इतिहास वाचता येत होता. जागा कमी झाल्या तसा तो इतिहासही आखूड झाला.

याच्या उलट टोकाला ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) आहे. १४०३ सालच्या बोहेमियात घडणाऱ्या या खेळात अद्भुत असे काही नाही. कवच मात्र थरांनी चढवावे लागते. आधी कापसाची जाड बंडी, तिच्यावर कड्यांची जाळी, तिच्यावर पोलादी पत्रे. तलवारीच्या धारेला पत्रा दाद देत नाही, पण गदेचा आघात तो पूर्णपणे अडवू शकत नाही. अंक येथेही आहेतच, पण त्यांच्यामागे वस्तू कशी काम करते याचे ज्ञान आहे. हिंदुस्थानातही अठराव्या शतकात असंख्य बारीक खिळे बसविलेले मखमली चिलते वापरात होते, आणि त्यांतही कापडाच्या थरांचे काम मोठे होते. अफजलखानाच्या भेटीच्या (१६५९) परंपरागत वर्णनात तर चिलखत अंगरख्याच्या आत लपलेले आहे. त्याचे सारे महत्त्व ते दिसत नाही यातच आहे. खेळांतील चिलखत मुख्यतः दिसण्यासाठी असते. लपलेल्या कवचाची कल्पना त्यांना सहसा सुचत नाही, आणि त्यामुळे नाट्याचा एक मोठा स्रोत त्यांच्या हातून सुटतो.

दिसण्याच्या या हव्यासाचे सर्वांत ओंगळ रूप स्त्रीपात्रांच्या कवचात आढळते. अनेक खेळांत एकाच नावाचे, एकाच अंकाचे चिलखत पुरुषाने घातले तर छाती झाकते आणि स्त्रीने घातले तर छाती उघडी टाकते. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी अर्थविचाराच्या दृष्टीने येथे शब्द खोटा पडतो. जे झाकीत नाही त्याला तनुत्राण म्हणता येत नाही.

आता नामरचनेकडे वळू. १९९६ च्या अखेरीस निघालेल्या ‘डायब्लो’ने लुटीच्या वस्तूंना नावे देण्याची जी पद्धत रूढ केली, ती मुळात व्याकरणाची पद्धत आहे. एक मूळ वस्तू, तिच्यापूर्वी एक गुणवाचक शब्द, तिच्यानंतर ‘ऑफ’ने जोडलेला दुसरा. यांना निर्मात्यांनी ‘प्रिफिक्स’ आणि ‘सफिक्स’ अशी व्याकरणातील नावेच दिली. ‘गॉडली प्लेट ऑफ द व्हेल’ हे त्यातील एक प्रसिद्ध चिलखत. पहिला शब्द संरक्षण वाढवितो, शेवटचा आयुर्बल वाढवितो. थोड्या घटकांपासून असंख्य पदे निर्माण करण्याची ही शक्ती भाषेचीच शक्ती आहे, आणि तिचा उपयोग खेळात करून घेणे ही कल्पकताच होय. पुढची वस्तू कोणत्या नावाची निघेल याच्या उत्सुकतेने खेळाडू तासन्‌तास बसतो. ही उत्सुकता क्षुद्र मानण्याचे कारण नाही. सोंगटीचे दान पडण्याची वाट पाहणाऱ्याला ती ठाऊक असते.

पण या व्याकरणात एक उणीव आहे. त्यात पदे आहेत, वाक्य नाही. या चिलखताचा देवमाशाशी संबंध काय, हे कोणी विचारीत नाही व कोणी सांगत नाही. खेळाडूही थोड्याच दिवसांत शब्द वाचणे सोडून देतो आणि अंक वाचू लागतो. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तर शब्दांच्याही आधी रंग बोलतो. करडा म्हणजे टाकाऊ, पांढरा सामान्य, मग चढत्या क्रमाने हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी. रंग पाहिला की नावाची गरज उरत नाही. आणि नव्या भागात अधिक मोठ्या अंकाची वस्तू मिळाली की कालचे अपूर्व चिलखत आज दुकानदाराला मोडीत विकले जाते. नाव होते, पण नावाला स्मृती नव्हती, म्हणून वियोगाचे दुःखही नाही.

ही पद्धत मराठीत आणू पाहिल्यास दुसरीच अडचण उभी राहते. इंग्रजी विशेषणाला लिंग नाही, म्हणून कोणताही शब्द कोणत्याही वस्तूला यंत्राने जोडता येतो. मराठीत टोप तुटका, ढाल तुटकी, चिलखत तुटके. षष्ठीचा प्रत्ययही वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो: वाघाचा टोप, वाघाची ढाल, वाघाचे चिलखत. शिवाय इंग्रजीत जे नामाच्या मागून येते ते मराठीत पुढे येते, म्हणून दोन्ही शब्द एकाच बाजूला गर्दी करतात. लिंगभेद पाळणाऱ्या युरोपीय भाषांच्या भाषांतरकारांपुढेही यातील पहिली अडचण आलीच आहे. यावर विकारहीन विशेषणांचाच वापर करावा असा उपाय सुचेल. परंतु मग ‘दैवी’, ‘दिव्य’, ‘अभेद्य’, ‘प्रचंड’ अशी संस्कृत विशेषणेच उरतात, आणि ‘जुना’, ‘खरा’, ‘गंजका’, ‘वाकडा’ हे जिवंत मराठी शब्द बाहेर राहतात.

येथे राजव्यवहारकोशाचे स्मरण उचित ठरते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या या कोशात शस्त्रवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्यात रूढ फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. राज्याला स्वतःची भाषा असावी ही त्यामागील दृष्टी थोर होती. तथापि शस्त्रागारात काय टिकले? बख्तर टिकले, दस्ताना टिकला, जिरेटोप तर महाराजांच्या प्रतिमेचाच भाग झाला. शिरस्त्राण हा शब्द ग्रंथांत राहिला. म्हणून मराठी खेळ रचणाऱ्याने एकाच थरातून शब्द घेऊ नयेत. बख्तर आणि कवच यांना एका अर्थाचे पर्याय समजण्याची चूकही करू नये. बख्तर लोहाराच्या भट्टीतून येते, तर कवच सूर्याकडून किंवा मंत्रातून. कर्णाची कवचकुंडले ‘बख्तर’ म्हणविली जाणार नाहीत. हा अर्थभेद भाषेने आयता तयार ठेवला आहे. पायरी दाखविण्यास रंगाची गरज नाही, शब्दाचा थरच ती दाखवू शकतो.

शेवटी लूट. हा शब्द संस्कृतातील ‘लुण्ट्’ या धातूच्या कुळातला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला आणि आता जगातील प्रत्येक खेळाडूच्या तोंडी आहे. इतका प्रवास करताना त्याने एक अर्थघटक मात्र गमावला, तो म्हणजे लुटला गेलेला मनुष्य. वऱ्हाडात १६७० साली कारंजे लुटले गेले, तेव्हा ते कोणाचे तरी होते. सभासदाच्या बखरीत मोहिमेस निघताना प्रत्येकाजवळील जिनसांची नोंद करावी, परतल्यावर झडती घ्यावी व लूट सरकारात जमा करावी, असा शिस्तीचा वृत्तांत आहे. लूट येथे हिशेबाची वस्तू आहे, आणि हिशेब म्हणजे उत्तरदायित्व. मराठीत चोरी, दरोडा, लूट, खंडणी आणि चौथ हे पाच शब्द पाच निरनिराळे संबंध दाखवितात. खेळांत हे संबंध फार ढोबळ झाले आहेत. ‘स्कायरिम’मध्ये घरातून उचललेली वाटी चोरीची ठरते व सामान्य दुकानदार ती घेत नाही, पण घरमालकाऐवजी गुहेतील माणूस मारला की त्याच्या अंगावरचे सर्व काही निष्कलंक होते. वधाने मालकी शुद्ध होते हा या खेळांचा न बोललेला कायदा आहे.

या कायद्याला ‘डार्क सोल्स’ने (२०११) काही अंशी उत्तर दिले आहे. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या खेळात कथा सरळ सांगितली जात नाही. ती बहुतांशी वस्तूंखालच्या चार ओळींत विखुरलेली असते. चिलखत हाती येते आणि ते कोणत्या सरदाराचे होते, तो कोणावर निष्ठा ठेवून होता, कसा नष्ट झाला, हे त्याबरोबर कळते. रामरक्षेच्या कसोटीला हे कवच बरेच जवळ येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेल्या ‘राजी’ या खेळाने निराळी वाट धरली. तो भूमिका-खेळ नव्हे, पण त्यातील नायिकेला शस्त्रे देवतांकडून मिळतात. लुटीच्या जागी तेथे दान आहे. या वाटेने देण्याघेण्याचे नाते टिकते, पण मालकीचा कठीण प्रश्न टळतो.

तो प्रश्न टाळू नये असे अचलपूरच्या वाचकाला वाटले तर त्यात नवल नाही. या भागातील मुले आज हे खेळ इंग्रजीत खेळतात. पडका किल्ला म्हणजे वस्तूंनी भरलेली निर्मनुष्य जागा, ही समजूत त्यांच्या मनात या खेळांतून रुजते. आणि त्याच मुलांच्या घराजवळ गाविलगड आहे, ज्याचा किल्लेदार आणि शिबंदी १८०३ च्या त्या दिवशी तटावर पडली. त्यांचीही चिलखते, ढाली, तलवारी कोणी तरी उचलल्या. एखाद्या मराठी खेळात त्या तटाखाली एक गंजके बख्तर सापडावे, त्याचा अंक लहान असावा, आणि त्याखाली ते कोणाचे होते हे लिहिलेले असावे. खेळाडूने ते घालावे की ठेवून द्यावे याचा निर्णय त्याच्यावर सोडावा. असा खेळ ज्या दिवशी होईल, त्या दिवशी परदेशातून परत आलेल्या ‘लूट’ या शब्दाला त्याचा हरवलेला अर्थ परत मिळेल.