नाव बदलले, आद्याक्षरे तीच

अस्थिमज्जेतील काही पेशींना आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये ‘मेझेंकायमल स्टेम सेल’, थोडक्यात एमएससी, हे नाव दिले. त्या नवे हाड, नवी कूर्चा घडवतील अशी आशा होती. पण टोचलेल्या पेशी शरीरात फार दिवस टिकत नाहीत. मग गुण येतो कशाने? २००५ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. जनुकबदल केलेल्या अशा पेशी ज्या द्रवात वाढवल्या, तो नुसता द्रव टोचल्यावरही हृदयाची इजा कमी झाली. म्हणजे काम स्रावाचे!

२०१७ च्या लेखात कॅप्लन यांनीच ‘मेडिसिनल सिग्नलिंग सेल’ हे नाव सुचवले. नवी ऊती रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी घडवतात, या फक्त इशारे देतात, असे ते म्हणतात. आपणच केलेले बारसे चुकले हे छापून सांगणे सोपे नाही. पण आद्याक्षरे तीच ठेवली, इथे लेख लंगडा पडतो. मुले (आणि जाहिरातदारही!) आद्याक्षरेच पाठ करतात. शिवाय ‘मेडिसिनल’ शब्द घाईचा आहे. स्रावातला कोणता घटक, किती मात्रेत औषध ठरतो, हे आधी सिद्ध व्हायला हवे. एक्सोसोम असल्याचे सांगून विकलेल्या, मान्यता नसलेल्या उत्पादनांमुळे नेब्रास्कात रुग्णांना गंभीर त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.