विकल्पाचे व्याकरण : लिनक्स कर्नलच्या विन्यासभाषेची समीक्षा

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे व्यवहारात ज्यास कर्नल म्हणतात तो, मूळ संहितेपासून बांधावयाचा झाल्यास बांधणाऱ्यास आधी पुष्कळ प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. अमुक जातीच्या डिस्कचा ड्रायव्हर हवा की नको, हवा असल्यास तो गाभ्यातच मिसळावा की मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवावा, अमुक ध्वनिपत्रास आधार द्यावा की नाही, असे हे प्रश्न असतात. लिनक्स कर्नलमध्ये अशा विकल्पांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. हे विकल्प, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांच्या सोबतचा साहाय्यक मजकूर ज्या भाषेत लिहिला जातो तिचे नाव के-कॉन्फिग. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आरंभिलेल्या या कर्नलमध्ये ती २००२ साली आली. रोमन झिपेल हे तिचे कर्ते.

अभियंत्यांनी तिच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे, परंतु तो विचार बहुधा सोयीचा आणि वेगाचा असतो. ही भाषा म्हणून कशी आहे, विकल्प या संकल्पनेची तिने कोणती मांडणी केली आहे, आणि तिच्या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस तिने कोण कल्पिला आहे, हे प्रश्न भाषाभ्यासकाचे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

विकल्पाचा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. पूर्वमीमांसकांनी विकल्प हा अष्टदोषांनी युक्त मानला. यज्ञात भात वापरावा असे एक वचन आणि यव वापरावेत असे दुसरे वचन असता, भात घेणारा यवाच्या वचनाचे प्राप्त झालेले प्रामाण्य सोडतो व त्याच्यावर नसलेले अप्रामाण्य लादतो. पुढे यव घेताना सोडलेले प्रामाण्य पुन्हा जिवंत करतो व स्वीकारलेले अप्रामाण्य टाकतो. हे चार दोष दोन्ही बाजूंस मिळून आठ होतात. म्हणून दुसरा कोणताही मार्ग उपलब्ध असेपर्यंत विकल्प मानू नये, असा त्यांचा दंडक. विषयभेदाने व्यवस्था लावता आली, म्हणजे अमुक परिस्थितीत हे आणि अमुक परिस्थितीत ते असे ठरवता आले, तर तो व्यवस्थित विकल्प होतो आणि दोष टळतो. याच जिल्ह्यात चिपळूणजवळ जन्मलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसेचे नियम धर्मशास्त्रात कसे राबले याचे सविस्तर विवेचन केले आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावे.

या कसोटीवर के-कॉन्फिगची पहिली बाजू उजवी ठरते. तिच्यात ‘अमुकावर अवलंबून’ असे एक विधान आहे. यूएसबीचा मूळ आधारच नाकारला असेल, तर यूएसबीवर चालणाऱ्या उपकरणांचे प्रश्न बांधणाऱ्यास विचारलेच जात नाहीत. हा व्यवस्थित विकल्पच होय. दहा हजारांच्या पसाऱ्यातून एका यंत्रापुरते प्रश्न शिल्लक राहतात ते या विधानामुळे.

दुसरे वैशिष्ट्य उत्तरांच्या संख्येचे. ड्रायव्हरविषयीच्या बहुतेक प्रश्नांना दोन नव्हे, तीन उत्तरे असतात : नाही, मॉड्यूल आणि होय. ही भाषा त्यांना अनुक्रमे ०, १ आणि २ अशी मूल्ये देते. ‘आणि’ने जोडलेल्या दोन अटींचे मूल्य त्यांतील लहान मूल्याइतके, ‘किंवा’ने जोडलेल्यांचे मोठ्या मूल्याइतके, आणि नकाराचे मूल्य दोनातून वजा करून येते. परिणामी मॉड्यूलचा नकार पुन्हा मॉड्यूलच होतो. यान लुकासिएविच यांनी १९२० साली मांडलेल्या त्रिमूल्य तर्कशास्त्रात हेच नियम आहेत. भेद अर्थाचा आहे. तेथील मधले मूल्य अनिश्चिततेचे आहे, येथील मधले मूल्य विलंबाचे : होय, परंतु गरज पडेल तेव्हा.

या विलंबातच नवशिक्याची फसगत होते. ज्या डिस्कवर मूळ फाइलव्यवस्था आहे तिचाच ड्रायव्हर त्याने मॉड्यूल म्हणून निवडला आणि आरंभकाळासाठी लागणारी छोटी तात्पुरती फाइलव्यवस्था तयार केली नाही, तर डिस्क वाचण्यास मॉड्यूल हवे आणि मॉड्यूल मिळण्यास डिस्क वाचावयास हवी, अशी स्थिती होते. नैयायिक ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात तो हाच दोष. यंत्र मूळ फाइलव्यवस्था जोडता येत नाही असे सांगून थांबते. के-कॉन्फिग एका विकल्पाचे दुसऱ्या विकल्पाशी असलेले नाते जाणते. विकल्पाचे यंत्राशी असलेले नाते ती जाणत नाही. तिची व्याकरणशुद्ध वाक्येही म्हणूनच व्यवहारात निरर्थक ठरू शकतात.

आता उणिवांकडे वळू. पाणिनी विकल्प सांगताना वा, विभाषा आणि अन्यतरस्याम् असे तीन भिन्न शब्द वापरतो. परंपरेने ते समानार्थक मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या, पाणिनीस भाषाभेदांचा अभ्यासक मानणाऱ्या ग्रंथात त्यांचा अर्थभेद प्रतिपादिला : वा म्हणजे बहुधा करावे, विभाषा म्हणजे बहुधा करू नये, आणि अन्यतरस्याम् म्हणजे दोन्ही सारखेच. हा ग्रंथ प्रसिद्ध करण्यात पुणे विद्यापीठाचा सहभाग होता. त्याचा सिद्धान्त सर्वांस मान्य झालेला नाही. परंतु विकल्पाला कल असतो आणि तो कल शब्दाने दाखवता येतो, ही दृष्टी येथे उपयोगी आहे.

के-कॉन्फिगमध्ये ‘पूर्वनिश्चित होय’ हे वा-सारखे आहे आणि ‘पूर्वनिश्चित नाही’ हे विभाषेसारखे. अन्यतरस्याम् मात्र तिच्यात नाही. होय-नाहीच्या प्रश्नास कर्त्याने कोणतेही पूर्वनिश्चित उत्तर दिले नाही, तर ते ‘नाही’ समजले जाते. अनेकांतून एक निवडावयाच्या गटात कल सांगितला नसेल, तर दिसणारा पहिला पर्याय निवडला जातो. म्हणजे या भाषेत मौन तटस्थ नाही आणि क्रमही तटस्थ नाही. गाभा विनाकारण फुगू नये हे मौनास नकार मानण्याचे कारण सबळ आहे. तथापि ‘मला सांगावयाचे नाही’ आणि ‘माझे मत नाही असे आहे’ या दोन भिन्न उक्ती एकाच रूपात कोंबल्या गेल्या, हे नोंदविले पाहिजे.

मौज अशी की उत्तरे जेथे साठविली जातात त्या फाइलमध्ये हीच भाषा सूक्ष्म भेद पाळते. नाकारलेला विकल्प तेथे टिप्पणीच्या ओळीत ‘निश्चित केलेला नाही’ अशा शब्दांत लिहिला जातो. जो प्रश्न अद्याप विचारलाच गेला नाही, त्याची ओळच नसते. नवी आवृत्ती आली की जुन्या फाइलशी ताडून केवळ ओळ नसलेले प्रश्न विचारता येतात. उच्चारलेला नकार आणि अभाव यांतील हा भेद वैयाकरणास सुखावणारा आहे. परंतु जगातील इतर बहुतेक भाषांत टिप्पणी यंत्राने दुर्लक्षावयाची असते. येथे ती वाचावयाची असते. अनावश्यक ओळ समजून जो ती पुसतो तो नकळत आपला नकार मागे घेतो.

सर्वांत गंभीर आक्षेप ‘निवड करवून घेणे’ या विधानावर घेता येतो. एखादा विकल्प स्वीकारताच तो दुसऱ्या विकल्पास बळेच स्वीकारावयास लावतो, आणि तसे करताना त्या दुसऱ्याच्या अटी पुऱ्या होतात की नाही हे पाहिले जात नाही. ज्यांना स्वतःचा प्रश्न नाही आणि अटीही नाहीत अशाच विकल्पांसाठी हे विधान वापरावे, असे अधिकृत दस्तऐवजात बजावले आहे. व्यवहारात हे पथ्य पाळले जात नाही. साटा डिस्कांचा आधार देणारा विकल्प स्कझी या व्यवस्थेस स्वतःच ओढून घेतो; यूएसबी साठवणीचा विकल्प मात्र त्याच स्कझीवर अवलंबून आहे असे सांगून थांबतो. वास्तविक नाते एकच आहे. दोन्ही प्रकारची उपकरणे कर्नलच्या स्कझी स्तरातून चालतात. तरी एकासाठी एक व्याकरण आणि दुसऱ्यासाठी दुसरे. त्यामुळे यूएसबी साठवणीच्या विकल्पाशेजारी एक सूचना छापावी लागली आहे की तो स्कझीवर अवलंबून आहे आणि शिवाय स्कझी डिस्कचा विकल्पही लागू शकेल. व्याकरणात न बसलेले नाते समासात लिहावे, तसा हा प्रकार आहे.

येथे अर्थविस्ताराचाही प्रश्न आहे. स्कझी हे मूळ एका विशिष्ट जोडणीचे नाव. पुढे तिच्या आज्ञांची भाषा इतर उपकरणांनी उचलली आणि शब्दाचा अर्थ रुंदावला. प्रश्नाचा मथळा जुन्या अर्थात राहिला. संगमेश्वरी बोलीचे नमुने मुद्रित करून आलेल्या विद्यार्थ्याने आपले मुद्रणयंत्र संगणकास जोडले, तर तो स्कझी शोधणार नाही, कारण त्याच्याजवळ स्कझीची कोणतीच वस्तू नाही. शब्द न कळल्यामुळे नव्हे, शब्द कळल्यामुळे तो चुकेल.

याच विद्यार्थ्याचा पुढचा अनुभव अधिक बोलका होईल. मुद्रणयंत्राचे कार्ड बहुधा फॅट फाइलव्यवस्थेचे असते. कर्नलमध्ये फॅटसाठी अक्षरसंचाचे पूर्वनिश्चित मूल्य पश्चिम युरोपीय भाषांचा लॅटिन संच हे आहे. काहीच न बदलता बांधलेल्या गाभ्यावर कार्ड साध्या आज्ञेने जोडल्यास देवनागरीत नाव दिलेल्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतील. साहाय्यक मजकूर येथे यूटीएफ-८ ठेवू नये असे सुचवितो, कारण त्यामुळे लहान व मोठ्या लिपीतील नावे भिन्न मानली जातात. देवनागरीस लहान-मोठ्या लिपीचा भेदच नाही. ही अडचण लॅटिन लिपीची आहे, आणि तिचे निवारण इतरांच्या अक्षरांच्या मोबदल्यात झाले आहे. पुढे यूटीएफ-८ साठी वेगळा विकल्प दिला गेला, पण त्याचेही पूर्वनिश्चित उत्तर ‘नाही’ असेच आहे. तयार वितरणे आणि त्यांची साधने बहुधा हे मूल्य बदलून घेतात, म्हणून सामान्य वापरणाऱ्यास ते जाणवत नाही.

‘देशी भाषांचा आधार’ अशा अर्थाचे नाव असलेला एक संपूर्ण विभाग कर्नलमध्ये आहे. त्यात थाई आहे, केल्टिक आहे, इन्युइटसुद्धा आहे. भारताच्या मानक संस्थेने १९९१ साली स्वीकारलेला इस्की संच नाही. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली असल्यामुळे यूटीएफ-८ च्या एका विकल्पाने आपले काम भागते, हे खरे. पण चित्रमय आवरण नसलेल्या मूळ पडद्यावर ५१२ पेक्षा अधिक चिन्हे मावत नाहीत आणि जोडाक्षर घडविण्याची सोय नाही. तेथे मराठी वाचनीय होत नाही, आणि हे बदलणारा विकल्प यादीत नाही. ज्यावर प्रश्नच नाही त्यावर उत्तरही देता येत नाही.

शेवटी साहाय्यक मजकुराच्या गद्याविषयी. ‘अमुक उपकरण असल्यास होय म्हणा, शंका असल्यास नाही म्हणा’ हा त्याचा ठरलेला साचा. ‘म्हणा’ हे क्रियापद लक्षणीय आहे; प्रश्नोत्तर लिखित असून भाषा मौखिक संवादाची आहे. इंग्रजीच्या एकाच आज्ञार्थात येथे आज्ञा, अनुज्ञा आणि सल्ला हे तिन्ही सामावतात. मराठीस आज्ञार्थ आणि विध्यर्थ असे दोन अर्थ उपलब्ध आहेत. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणात त्यांचे विवेचन आहे. ‘निवडा’ आणि ‘निवडावे’ यांतील भेद येथे नेमका उपयोगी पडेल : ज्यावाचून यंत्र सुरूच होणार नाही तेथे आज्ञार्थ, जेथे केवळ सल्ला आहे तेथे विध्यर्थ. आज इंग्रजी मजकुरात ‘नाही म्हणा’ हे निरुपद्रवी खेळण्याविषयीही येते आणि डिस्कच्या ड्रायव्हरविषयीही.

यावर म्हटले जाईल की कर्नल बांधणारास इंग्रजी येतेच, भाषांतराचा खटाटोप कशाला? या आक्षेपास इतिहासाचे पाठबळही आहे. प्रश्नांचा मजकूर इतर भाषांत दाखविण्याची सोय या साधनांत एकेकाळी होती. ती मोडली आहे आणि कोणी वापरत असल्याची चिन्हे नाहीत, या कारणाने २०१८ साली काढून टाकली गेली. निर्णय व्यवहार्य होता. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष असा नव्हे की गरज नव्हती; असा की ज्यांना गरज होती त्यांनी मागणी नोंदविली नाही. मौनाचा अर्थ ‘नाही’ असा लावणारी ही भाषा स्वतःच्या वाचकांनाही तोच नियम लावती झाली.

के-कॉन्फिग ही अवलंबित्वाची उत्तम भाषा आहे आणि कल सांगण्याची अपुरी भाषा आहे. व्यवस्थित विकल्प ती जाणते, तुल्य विकल्प जाणत नाही. बलात्काराने करविलेली निवड आणि अट यांत ती सुसंगत नाही. आणि तिच्या पूर्वनिश्चित उत्तरांत लॅटिन लिपीचा एक वाचक गृहीत धरलेला आहे. दहा हजार नोंदींच्या भाषांतराची अपेक्षा करणे व्यर्थ होय. मात्र ड्रायव्हर, फाइलव्यवस्था आणि अक्षरसंच यांच्या मोजक्या विकल्पांवर विध्यर्थ-आज्ञार्थाचा विवेक पाळणारी मराठी टीका लिहिणे हे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. सूत्रे जशीच्या तशी ठेवून त्यांवर टीका लिहिण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि येथे ती उपयोगी पडेल.