एका घावाचा खेळ

शस्त्रांच्या बहुतेक व्हिडिओ गेममध्ये प्रतिस्पर्धी तलवारीचे दहा-वीस घाव खाऊनही ताठ उभा असतो. पडद्यावरची त्याच्या प्राणांची पट्टी तेवढी आखूड होत जाते. १९९७ साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘बुशिदो ब्लेड’ या जपानी खेळाने ती पट्टीच काढून टाकली. लाइटवेटने घडवलेल्या आणि स्क्वेअरने प्रकाशित केलेल्या या खेळात वर्मी बसलेला एकच घाव पुरतो. पाय जायबंदी झाला, तर योद्धा खुरडत लढतो. त्यामुळे खेळणारा नुसती बटणे बडवीत सुटत नाही. पवित्रा उंच घ्यावा, मध्यम की खालचा, अंतर किती राखावे, या विचारात तो थबकतो. हे थबकणेच मला या खेळाचे खरे सौंदर्य वाटते.

कथा मात्र पातळ आहे: मारेकऱ्यांच्या संघटनेतून निसटू पाहणारा एक जण आणि त्याला अडवणारे त्याचेच सोबती. या कथाभागात पाठीवर वार केला, की खेळ मध्येच संपवला जातो आणि योद्धाधर्माचे बोल ऐकवले जातात. कल्पना थोर खरी. पण यंत्रापुढे पाळलेली नीती ही अखेर शिक्षेची धास्तीच. शेजारी बसलेल्या मित्राशी खेळताना ते बंधन उरत नाही. पडलेल्या मित्राला उठू द्यायचे की नाही, हे तेव्हा आपणच ठरवायचे असते. बुशिदोची कसोटी लागते ती तिथे, आणि नेमके तिथे खेळाच्या कर्त्यांना काही सुचलेले नाही.