परतीचे गाणे आणि जामचे पाणी

अमेरिकेतील ‘कंट्री’ गाण्यांत ‘ग्रीन ग्रीन ग्रास ऑफ होम’ या गीताला अभिजाताचा मान आहे. लिहिले कर्ली पटमन यांनी. १९६५ मध्ये पोर्टर वॅगनर यांनी ते गाजवले आणि पुढच्याच वर्षी टॉम जोन्स यांच्या आवाजात ते जगभर गेले.

नायक आगगाडीतून गावी उतरतो. आईवडील सामोरे येतात, प्रेयसी मेरी धावत येते. रंग उडालेले घर तसेच, लहानपणीचे ओकचे झाडही तसेच. मग तो जागा होतो. भोवती तुरुंगाच्या भिंती आहेत आणि पहाटे त्याला देहदंड व्हायचा आहे. आता तो गावी जाईल तो त्याच झाडाखाली पुरला जाण्यासाठी. ही कलाटणी गायलेली नाही, साध्या बोलण्यात सांगितली आहे. चाल थांबते तिथेच ऐकणाऱ्याचा घसा दाटतो. कसब निर्विवाद.

तरीही हे गाणे मला पुरते पटत नाही. त्यात माणूस अपराधी आणि गाव निष्पाप. मेरीने एवढी वर्षे काय केले, हे गीतकार विचारीत नाही. तिला केस आहेत, ओठ आहेत, आयुष्य नाही.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात पोरे तान्हा पोळा मिरवतात तेव्हा, जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. मागची कथा वाचकांना मी काय सांगावी! पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, दोघे नदीत असतानाच दगड आले. इथे प्रेम हरवत नाही, गाव ते मारतो. आणि या खेळात आजवर अनेकांचे जीव गेले आहेत, हे सोडून त्या कथेचे कौतुक करणे मला जमत नाही. मी ऐकलेल्या कथेत मुलीला नावही नाही. मेरीला निदान तेवढे तरी आहे.

गावाची ओढ आणि गावाचा जाच एकत्र सांगितला तो जात्यावरच्या ओवीने. दळणारी बाई माहेर गाते, भावाची वाट पाहते. पण त्या घरात आता भावजयीचा हात आहे हेही तिला ठाऊक असते. तिचे माहेर थांबून राहिलेले नसते. पटमनच्या गावात घड्याळच नाही.

आपली गंमत आणखी निराळी. १९५६ पर्यंत नागपूर आपली राजधानी होती. पुनर्रचना झाली तेव्हा पांढुर्णा-सौंसर जागचे हलले नाहीत, राजधानी भोपाळला गेली. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून आपला वेगळा जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. घर न सोडता घराची आठवण येणारी माणसे आपण; मुलांच्या दप्तरात हिंदी, आजीच्या तोंडी ओवी. या आठवणीला ओकच्या झाडाचे गाणे पुरत नाही. वॅगनरची कोरडी तबकडी मी तरीही ऐकतो. जोन्सच्या मागचा गोडमिट्ट कोरस मात्र सोसवत नाही.