जब्याची पावडर आणि आपले आरसे

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आपल्या समाजात बहुतेकांनी जातीचा चित्रपट म्हणून पाहिला आणि ‘हे त्यांचे दुखणे’ म्हणून बाजूला ठेवला. मंजुळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. या चित्रपटातली एक गोष्ट आपण नीट पाहिलीच नाही, असे आम्हाला वाटते. ती म्हणजे चेहरा.

जांबुवंत ऊर्फ जब्या कैकाडी घरातला, रंगाने काळा. त्याला आवडणारी शालू उजळ, नीटनेटकी, वरच्या जातीची. तिच्यासाठी तो तोंडाला पावडर फासतो, जीन्सचे स्वप्न पाहतो, काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो. जात बदलत नाही हे त्याला कळते. रंग तरी बदलेल अशी त्याला आशा आहे. बाजार हीच आशा विकतो. गोरेपणाचे एक प्रसिद्ध मलम १९७५ मध्ये बाजारात आले. २०२० मध्ये त्याच्या नावातला ‘फेअर’ शब्द गेला, मलम राहिले.

देखण्या माणसाला समाजात जास्त मिळते का? ‘फँड्री’ सांगतो, मिळते. पण नुसत्या रूपाला नव्हे, ज्याच्या पाठीशी घर आणि जात उभी आहे त्या रूपाला. हे आम्हाला पटते. तक्रार वेगळी आहे. शालूच्या तोंडी जवळजवळ संवादच नाहीत. गाव जब्याला रूपावरून नाकारते, आणि चित्रपट शालूला रूपावरूनच स्वीकारतो. आपण तिला जब्याच्या नजरेने पाहतो, हे मान्य. तरी ती माणूस म्हणून हाती लागत नाही. ही उणीव ‘सैराट’ने (२०१६) भरून काढली. अकलूजच्या रिंकू राजगुरूची आर्ची देखणी आहेच, पण लक्षात राहते तिची बोली, तिची बुलेट, तिची हिंमत. आणि जातीपुढे तिचे देखणेपण तिला वाचवत नाही.

आता आपल्याकडे पाहू. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ही हुजूरांची शिकवण आपण प्रत्येक बयानात ऐकतो. मग रिश्ता पाहायला जातो आणि घरी येऊन म्हणतो, ‘मुलगी चांगली आहे, पण सावळी आहे.’ या ‘पण’मध्ये तिचे शिक्षण, स्वभाव, दीनदारी सगळे बुडते. मुलाच्या रंगाबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

आम्हीही यातून सुटलेले नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. एका आठवड्यात वर्गाला हजरत बिलाल यांची हकिकत सांगितली. काळ्या रंगाचा, गुलामीतून सुटलेला माणूस इस्लामचा पहिला मुअज्जिन झाला, हे सांगताना आमचा आवाज भरून आला होता. त्याच आठवड्यात पाहुण्यांना फुले द्यायला मुलगी निवडायची होती. आम्ही गोरी निवडली. विचार करून नव्हे, सवयीने. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी सावळी होती. ती काही बोलली नाही, फक्त आमच्याकडे पाहत राहिली.

‘फँड्री’च्या शेवटी जब्या कॅमेऱ्याच्या दिशेने दगड फेकतो. तो दगड आम्हाला त्या दिवशी लागला.