‘धडक’ : कारणावांचून वैर

विरोधी घराण्यांतील तरुण-तरुणीची प्रीति आणि तिचा रक्तपातांत होणारा शेवट, हें कथानक इतकें जुनें आहे कीं त्यांत नावीन्य शोधूं नये. पाहावयाचें तें हेंच कीं, वैर खरें वाटतें काय? शशांक खेतान यांच्या ‘धडक’ (२०१८) या हिंदी चित्रपटानें आमची निराशा केली ती याच ठिकाणीं. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ची (२०१६) ही हिंदी आवृत्ति. संगीत अजय-अतुल यांचेंच, ‘झिंगाट’ही आहेच, करमाळ्याकडचें शिवार मात्र जाऊन उदेपूरचे वाडे व सरोवरें आलीं आहेत. तीं प्रेक्षणीय आहेत, यापलीकडे त्यांचा कथेस उपयोग दिसत नाहीं.

घराण्यांचें वैर म्हणजे काय, हें मावळांत राहणारास सांगावयास नको. आज मावळ म्हटलें कीं वडगांव-लोणावळ्याचा तालुकाच डोळ्यांपुढें येतो. पण जुना बारा मावळांचा मुलूख त्याहून पुष्कळ मोठा. त्यांतील हिरडस मावळचे बांदल व रोहिडखोऱ्यांतील जेधे या देशमुखांचें वैर प्रसिद्धच आहे. परंतु दोघेही तोलामोलाचे, म्हणून तें मिटूंही शकलें. १६६० सालीं घोडखिंडींत बांदलांनीं प्राण वेंचल्यावर दरबारांतील पहिल्या मानाचें पान त्यांस देण्यांत आलें आणि जेध्यांनीं तें मानलें, असें सांगतात. शेक्सपिअरनें व्हेरोनांतील दोन घराण्यांच्या भांडणाचें कारण कोठेंच दिलें नाहीं. तरी तें खटकत नाहीं. चाकरमाणसांपासून सारें शहर त्यांत ओढलेलें आपण पहिल्याच प्रवेशांत पाहतों. शिवाय तींही घराणीं बरोबरीचीं. मुलांच्या प्रेतांपाशीं का होईना, दोन्ही बाप हातांत हात देतात.

‘सैराट’मधील आर्चीचें व परश्याचें घर बरोबरीचें नाहींच. पाटलांचा मुलगा भर वर्गांत प्राध्यापकाच्या कानशिलांत मारतो (आमच्या व्यवसायबंधूंस हा प्रसंग विशेष झोंबावा!), आणि गांवांत सत्ता कोणाची हें व्याख्यानावांचून कळतें. परश्या मासे धरणाऱ्याचा मुलगा. येथें वैर नव्हे, जात आहे; तिच्यांत तह नाहीं, मानाचें पानही नाहीं. म्हणूनच आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटी घेऊन दारांत उभा राहतो, ती हर्षानें चहा ठेवते, आणि आपला जीव मात्र धास्तावतो.

‘धडक’कारांस हें उघड बोलण्याचा धीर झाला नाहीं. जात ओझरती येते. तिची जागा निवडणूक, हॉटेल आणि राजघराण्याचा तोरा घेतो. आशुतोष राणा यांनीं बापाची भूमिका नेटानें केली आहे, परंतु त्याचा राग खुनापर्यंत कां जावा, हें त्या देखण्या वाड्यांतून उमगत नाहीं. ईशान खट्टर यांचा उत्साह गोड आहे. जान्हवी कपूर यांच्या पार्थवींत मात्र ट्रॅक्टर हांकणाऱ्या आर्चीचा बेडरपणा शोधूं जाणारानें न शोधलेला बरा.

शेवट सांगण्याबद्दल वाचक क्षमा करोत. ‘सैराट’मध्यें आईबाप मारले जातात व लेंकरूं मागें उरतें, रक्तांत भिजलेलीं इवलीं पावलें जमिनीवर उमटतात, आणि आवाज म्हणून राहत नाहीं. ‘धडक’मध्यें नवरा व मूल उंचावरून खालीं पडतात आणि पार्थवी जिवंत राहते. हा फरक वरवरचा नव्हे. येथें लेक वांचली. प्रेक्षक दचकून घरीं जातो. तेथें पाटलांच्या घरानें पोटच्या मुलीवरही शस्त्र उचललें, तें कां, हा प्रश्न ‘धडक’चा प्रेक्षक आपल्याबरोबर नेत नाहीं.