पोटाखालची जागा

बँकेत ‘क्लिअरन्स’ म्हटले की चेक आठवतो. मोटारीचा क्लिअरन्स निराळा. तिचे पोट आणि जमीन यांच्यातली ती मोकळी जागा. चेक वटला नाही तर परत येतो. हा क्लिअरन्स वटला नाही तर आवाज येतो.

आमच्या एका खातेदाराच्या चिरंजिवांनी पुण्याहून दोन दारांची ठेंगणी स्पोर्ट्स कार अमरावतीला आणली. तीत चढत नाहीत, उतरतात. आणि उतरायचे असेल तर चढून बाहेर यावे लागते. गल्लीच्या पहिल्याच ब्रेकरवर तिने असा आवाज केला की शेजारच्या काकू पातेले पडले म्हणून घरात धावल्या. सर्वांनी एकमुखाने गाडीला दोष दिला.

मी कॉमर्सचा माणूस. आधी ताळेबंद मांडतो. अशा गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे १२ सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली घालून दिलेला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद. एवढ्या रुंदीत गाडीची चारही चाके एकदम मावतात. त्यामुळे मधल्या उंचवट्याला पोटाचे पाचेक सेंटिमीटरच खर्ची पडतात. हळू गेले तर बाकी शिल्लक! आमच्या गल्लीतला ब्रेकर मात्र हातभर रुंद आणि वीतभर उंच. पुढची चाके पलीकडे उतरली की पोट थेट त्याच्यावर. नियमातला गतिरोधक पाठीवरून हात फिरवतो, हा पाठीत गुद्दा घालतो.

आता उपायांचे रसग्रहण. पहिला, स्प्रिंगला रबरी चकत्या. गाडी दोनेक सेंटिमीटर उचलते. पण गुरुत्वमध्यही वर जातो आणि वळणावर ती झुलू लागते. म्हणजे ज्या बसकेपणासाठी पैसे मोजले, तोच गेला. दुसरा, तेलाच्या टाकीखाली लोखंडी पत्रा. हा खरा उपकारकर्ता, कारण टाकी फुटून तेल वाहून गेले तर इंजिन जाम होते. फक्त पत्राही जागा खातो. वाचवायला दोन बोटे जागा, त्यातले अर्धे बोट राखणदाराचे. तिसरा विलायती. पोर्शच्या ९११ ला बटण दाबून नाक चारेक सेंटिमीटर उचलायची सोय मिळते, आणि नव्या गाड्या ती जागा उपग्रहाच्या मदतीने लक्षातही ठेवतात. पण आमच्याकडे ब्रेकर रात्रीतून जन्माला येतो, तिथे उपग्रह काय करणार? चौथा उपाय अस्सल देशी : गाडी तिरपी घ्या आणि जाड माणसांना उतरवा. यात मी दोनदा उतरलो आहे.

आमचे मिस्त्री खालून सरकत बाहेर आले आणि म्हणाले, “गाडी मी उचलून देतो जी भाऊ. पन रस्ताबी दर दोन सालानं वर येते, त्याले काय करता?”

खरे आहे. डांबरावर डांबर चढते. आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरली. ज्याला परवडते तो जोते उचलतो, कोणी गाडी उचलतो. ज्याला काहीच उचलता येत नाही, त्याचे काय? नवव्या महिन्यातली बाई ऑटोतून डफरीनला निघते, तिच्या स्प्रिंगला चकत्या कोण घालणार?

ब्रेकर काढा, असे मी म्हणत नाही. शाळेपुढे आपण केवळ सद्भावनेने वेग कमी करत नाही. पण तो मापात असावा, आधी फलक असावा, अंगावर पांढरे पट्टे असावेत. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचे ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. ज्या मुलखात पंचाहत्तर किलोमीटर मोजून होतात, तिथे ३.७ मीटर मोजायला टेप मिळू नये?

टेप सापडेपर्यंत गाडीवाल्यांनी खालून पत्रा ठोकून घ्यावा. माणसाच्या मणक्याखाली तो ठोकायची सोय अजून एकाही मिस्त्रीकडे नाही.